वायर जिथून जेवते

टक्.

आवाज इतका बारीक होता की वैभवीला वाटलं, पाल चुकचुकली. पूर्णा तिच्या मांडीवर नुकतीच झोपली होती. ओसरीवर सासूबाई, कस्तुराबाई, सुपात हात घालून नुसत्याच बसल्या होत्या. अठरा दिवसांपासून या घरात दुपारी कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे पानाचा आवाजही मोठा वाटायचा.

टक्. टक्.

पत्र्याच्या भिंतीपलीकडून येत होता आवाज. पलीकडे तिच्या नवऱ्याचं, हरीओमचं दुकान. मोटारपंप रिवायंडिंगचं, धनजच्या रस्त्यावरचं. शटर अठरा दिवस खाली होतं आणि आतलं मागचं दारही कुणी उघडलं नव्हतं.

वैभवीने पोरीचं डोकं हळूच उशीवर ठेवलं आणि त्या दाराची कडी काढली. आत व्हार्निशचा वास तसाच होता. टेबलावर अर्धी गुंडाळलेली मोटार, तिच्यातून तांब्याची तार लोंबत होती. जणू माणूस पाणी प्यायला उठला आहे. वरच्या फळीवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवायचा काळा डबा होता. आवाज त्याच्या पोटातून येत होता.

तिने कारंज्याच्या संघदीपला फोन लावला. दोन वर्षांपूर्वी दुकानातून तांब्याची तार चोरीला गेली, तेव्हा कॅमेरा बसवायला तोच आला होता. बसवता बसवता हरीओमचा दोस्त झाला.

"भाऊ, मी धनजहून, वैभवी. त्या डब्यातून टक्‌टक् येऊन राह्यली."

"फोन त्याच्याजवळ धरा बरं वहिनी."

तिने धरला. पलीकडे बराच वेळ नुसता रस्त्याचा गलका.

"हार्डडिस्क चालली वहिनी," संघदीप म्हणाला. "मान टाकून राह्यली थे."

"मंग बंद करून ठेवू का? तुमी येसान तोवर?"

"नोको! बटनाले हात नोका लावू. फिरून राह्यली तोवर जिवंत हाय. एक डाव थांबली तर परत उठते का नाही, काही सांगता येत नाही. जे काढायचं थे आताच काढून घ्या."

वैभवी फळीला टेकली. सकाळीच लाईनमन बादल दारावरून ओरडत गेला होता, चार वाजता लाईट जाईल वो, डीपीचं काम हाय, सातपर्यंत येत नाही. तिने ते संघदीपला सांगितलं.

"इन्व्हर्टर हाय ना दुकानात?"

"बॅटरीचं पाणी हेच पाहत होते भाऊ. आता थे दोन मिनिटंही टिकत नाही."

"मी वाशीमले हाय, कोर्टाजवळ, शिडीवर. आता निघालो तरी पाच वाजतात." मग जरा थांबून, "किती वाजले तुमच्याकडं?"

दीड वाजून गेला होता.

त्या डब्यात काय होतं, ते संघदीपला सांगावं लागलं नाही. अपघातात हरीओमच्या मोबाइलचा रस्त्यावर चुरा झाला होता. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, एवढंच लोक म्हणत. मोटारसायकल शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या पलीकडे सापडली. वैभवीच्या फोनमध्ये फोटो होते, व्हिडिओही होते, पण सगळीकडे ती आणि पूर्णा. काढणारा तो. चुलीजवळची वैभवी, बैलगाडीवरची पूर्णा, आणि मागून त्याचं खिदळणं. चालताबोलता हरीओम फक्त त्या काळ्या डब्यात होता. त्यातही तो दिवस, नऊ तारीख. त्या दिवशी दुपारी तो दुकानातून निघाला, तेव्हा वैभवी विहिरीवर कपडे धूत होती. जाताना तिने त्याला पाहिलंही नव्हतं.

"पासवर्ड तुमाले माहीत असेल ना?" तिने विचारलं.

"त्यानं बदलवला ना! मले म्हणे, तू बसवला म्हणून काय रोज माह्या दुकानात डोकावशीन?" संघदीप हसायला गेला आणि मधेच थांबला. "तीन डाव चुकला तर डबा कुलूप लावते वहिनी. पण तुमच्या घरच्या कॉम्प्युटरात सेव्ह हाय थो. कॉम्प्युटर डब्याले जोडला की आपोआप उघडते. नेट-गिट काही लागत नाही. घरातल्या घरातली वायर हाय ती."

"तेच तर जोडल्या जात नाही भाऊ."

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. वैभवी त्यावर गावातल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायची. पण पूर्णाच्या लेखी ते यंत्र एकाच कामाचं होतं. दुपारी जेवण झालं की ती त्याच्यासमोर बसायची, पडद्यावर दुकान दिसायचं, आणि ठरल्यावेळी हरीओम हात पुसत कॅमेऱ्याखाली येऊन वर बघायचा. "पूर्णा, जेवली का?" कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पण तो असा ओरडायचा की पत्र्यापलीकडून ऐकू यायचं. पोरगी पडद्याला सांगायची, "जेवली!" आणि मग पत्र्याकडे तोंड करून पुन्हा एकदा, जोरात, "जेवली पप्पा!"

दसऱ्यानंतर तीनचार दिवसांनी चित्र अडकायला लागलं. कधी दिसे, कधी नाही. हरीओमने मागची वायर काढली, फुंकली, लावली. दोन दिवस चाललं. नऊ तारखेला सकाळपासून काहीच दिसेना. "उद्या पाहतो," तो म्हणाला होता.

आताही पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली होती. वैभवीने फोन स्पीकरवर ठेवला.

"बंद करून चालू करा."

केलं. फुली.

"वायर काढा, परत लावा. टिचकीसारखा आवाज झाला पाह्यजे."

झाला. फुली.

"मागं वायर लागते तिथी दोन बारकुले लाईट हायेत. पेटले का?"

ती टेबलामागे वाकली. अंधार. "नाही."

"दुकानात पांढरी डबी हाय ना, काळा डबा आन् कॉम्प्युटर जोडायची, तिच्यावरचा?"

ती पळत दुकानात गेली. पळत परत आली. "एक पेटेल हाय, काळ्या डब्याचा. आपला नाही."

"मंग दुसऱ्या भोकात टाका."

पुन्हा पळाली, पुन्हा आली. ओसरीवरून कस्तुराबाई पाहत होत्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"काय चालू हाय वो तुझं? भरल्या दुपारी येरझारा घालून राह्यली."

वैभवीने सांगितलं. ऐकताना कस्तुराबाईंचं तोंड हलत राहिलं, जसं देवापुढे हलतं.

"त्याले पाहून काय करशीन बाई," शेवटी त्या म्हणाल्या. "गेलेलं माणूस डब्यात पाहू नये. जीव अडकते त्याचा."

"त्याचा नाही आई. आपला अडकला हाय."

उंदीर वायर कुरतडतात हे फोनमधून संघदीपनेच काढलं. "वायर भिंतीतून येते ना? मधात तुटली असन. दुकानात दुसरी वायर हाय?"

होती. हातभर लांबीची. तेवढ्या वायरीने भिंत ओलांडणं शक्य नव्हतं.

"मंग कॉम्प्युटरच न्या ना दुकानात," संघदीप म्हणाला.

अडीच वाजले होते. वैभवीने कॉम्प्युटरचा लोखंडी डबा कडेवर घेतला, पूर्णाला घ्यायची तसा. तो मोटारीच्या टेबलावर ठेवून पडद्यासाठी परत आली, तर कस्तुराबाई कीबोर्ड छातीशी धरून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात माऊस, वायरीने लोंबता.

"हे शेपटीवालं कुठी ठेवू? मले हातात धरवत नाही."

अठरा दिवसांत पहिल्यांदा वैभवीला हसू आलं, आणि आल्याचीच तिला लाज वाटली.

आवाजाने पूर्णा उठली होती. अर्धवट झोपेत, एका पायात चप्पल घालून, ती मागच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. दुकानात पाऊल टाकायचं तिला मनाई होती. पप्पाची मोटार चालू असते, तार लागते. तिने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग वर कॅमेऱ्याकडे.

"येऊ का?"

"ये," कस्तुराबाई म्हणाल्या.

हातभर वायर पांढऱ्या डबीत गेली, दुसरं टोक कॉम्प्युटरमागे. टिचकी वाजली. वैभवीने डोळे मिटून घेतले आणि उघडले.

फुली.

फळीवर टक्. टक्. टक्. मधलं अंतर कमी झालं होतं, की तिला तसं वाटत होतं?

"भाऊ, नाही झालं." तिचा आवाज फाटला. "नाही होऊन राह्यलं भाऊ. तुमी कायतरी सांगा ना."

"रडू नोका वहिनी. ऐका. डबी चांगली, कारण दुसरा लाईट हाय. वायर आता नवी हाय. मंग राह्यलं काय? कॉम्प्युटरचं भोक. टॉर्च मारा त्याच्यात. आठ बारकुल्या तारा दिसतील, सोन्याच्या केसासारख्या. सगळ्या सरळ हायेत का?"

तिने वायर काढली, मोबाइलची बॅटरी लावली आणि कॉम्प्युटर वळवून डोळा भोकाला लावला.

आत लाल होतं.

आधी तिला वाटलं जळलं आहे. मग बोटाने कडेला पुसलं, बोटाला लालसर पिवळी भुकटी आली. तिने वास घेतला. आणि ती खालीच बसली.

दसऱ्याच्या दिवशी हरीओम दुकानातलं एकेक यंत्र धुऊनपुसून ओळीने मांडायचा. वायंडिंगचं मशीन, ड्रिल, मीटर, पक्कड सुद्धा. कस्तुराबाई ताट धरायच्या, पूर्णा झेंडूच्या पाकळ्या टाकायची. तो हळद-कुंकू पाण्यात कालवून, बोट बुडवून टिळा लावायचा, आणि लावायचा तो तोंडावरच. पंपाच्या तोंडावर, ड्रिलच्या तोंडावर. बाजूला लावलेला टिळा यंत्राला लागत नाही म्हणे. मग घरात येऊन त्याने कॉम्प्युटर उलटा फिरवला होता.

"अवो, तोंड पुढं हाय त्याचं!" वैभवी म्हणाली होती.

"तुले काय समजते? वायर जिथून जेवते थे तोंड." आणि वायर काढून, ओलं बोट त्याने त्या चौकोनी भोकात चांगलं दाबून फिरवलं होतं. वर तांदळाचे चार दाणे. पूर्णाने एक पाकळी कोंबायचा प्रयत्न केला, ती तेवढी वैभवीने काढली होती.

"वहिनी? हायेत का तारा?"

"कुंकू हाय भाऊ," ती म्हणाली. "दसऱ्याचं."

संघदीप हळूच म्हणाला, "मोटारच्या दुकानवाल्यानं असं करावं! त्याच्यात चुना असते वहिनी, तांबं खाते थो." मग स्वतःलाच आवरून, "कॉम्प्युटरचा पिन पहिले बोर्डातून काढा. कोरोनातलं सॅनिटायझर पडलं हाय का कुठी? पाण्यासारखं वालं? त्याच्यात ब्रश बुडवा आन् एकाच बाजूनं घासा. हळू. तारा वाकल्या तर खेळ खतम."

बाटली खिडकीत होती. ब्रश हरीओमचाच, मोटारीची धूळ काढायचा. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. वैभवीने ब्रश बुडवला, भोकाजवळ नेला.

आणि हात थांबला.

आत कडेला, टॉर्चच्या उजेडात, बोटाचा ठसा दिसत होता. पूर्ण नाही, अर्धाच. बारीक बारीक रेषा, वाळलेल्या. करंगळीचा असावा, दुसरं बोट एवढ्या आत गेलंच नसतं. दुकानातल्या मोटारींवरचे टिळे तेलाने केव्हाच ओघळले होते. त्याच्या हाताचं एवढंच राहिलं होतं जगात, नखाएवढं.

तेराव्याच्या आधी बायका जमल्या होत्या. तिच्या कपाळाकडे हात जाताच कस्तुराबाई मधे उभ्या राहिल्या होत्या. माह्या सुनेच्या कपाळाले कोणी हात लावाचा नाही, ज्याले लावाचा थ्यानं पहिले मले लावा. बायका मागे सरल्या. टिकली राहिली. जे गावाला पुसू दिलं नाही, ते आता तिने आपल्याच हाताने पुसायचं होतं.

"काहून थांबली?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"ह्यांचं बोट हाय आई."

कस्तुराबाई वाकल्या. त्यांना दिसलं नसावं, त्यांना मोत्याबिंदू होता. तरी त्या वाकूनच राहिल्या. मग त्यांनी पदराने नाक पुसलं.

"म्याच धरलं होतं ताट. मीच पुसतो. दे." त्यांनी ब्रश घेतला, भोकाजवळ नेला, आणि तो बाजूच्या लोखंडावरच वाजला. "नाही दिसत माय मले. तूच पूस." ब्रश परत देताना त्या म्हणाल्या, "पण फेकू नोको. कापसावर घे. माह्याजवळ दे."

वैभवीने घासलं. एकाच बाजूनं, हळू. लाल पाणी गळालं, तिने ते कापसावर घेतलं. एक तार हिरवी पडली होती, ती तिने सुईच्या टोकाने खरवडली, पोरीच्या पायातला काटा काढताना धरायची तसा श्वास धरून. वायरीचं टोकही पुसलं. पूर्णा टेबलाला हनुवटी टेकवून पाहत होती. "दुखते का त्याले?" तिने विचारलं. "नाही वो माय," आजी म्हणाली आणि लाल कापूस पदराच्या टोकात बांधून गाठ मारली.

फुंकणी नव्हती, म्हणून वैभवीने पुठ्ठ्याने वारा घातला. वाळायला वेळ द्या, संघदीप म्हणत होता. वेळ कुठून द्यायचा? तीन पंचवीस. तिने पिन बोर्डात लावली, कॉम्प्युटर सुरू केला, वायर आत सरकवली.

टिचकी.

काही नाही. अंधार. तिने वायर तशीच अंगठ्याने वर दाबून धरली, आणि कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका लुकलुकला. विझला. पुन्हा लागला. मग त्याच्या शेजारी हिरवा.

"पेटला! भाऊ, पेटला!"

"सोडू नोका! तशीच धरा!" संघदीप तिकडे शिडीवरून इतका ओरडला की कुणीतरी त्याला विचारलं, काय झालं रे.

वायर सोडली की हिरवा विझत होता. मग कस्तुराबाईंनी तिथे बोट लावलं. स्टुलावर बसून, मोत्याबिंदूचे डोळे भिंतीकडे, आणि अंगठा वायरीखाली घट्ट. वैभवीने माऊस धरला. पासवर्डच्या जागी काळे ठिपके आपोआप भरले, आणि पडद्यावर दुकान उघडलं. आताचं दुकान. त्यात तीन बायका होत्या, एक म्हातारी, एक ठेंगणी, एक पडद्यावर वाकलेली. वैभवीला क्षणभर त्या ओळखूच आल्या नाहीत.

तारखा खाली ओळीने होत्या. नऊ तारखेचा अख्खा दिवस घ्यायला गेली, तर पडद्याने दहा तास सांगितले. तीन चाळीस झाले होते.

"अख्खा नाही येत वहिनी, तुकडा घ्या," संघदीप म्हणाला. "कोणता पाह्यजे थे ठरवा."

कोणता? सकाळी तो दुकान झाडायचा, तो? चहा पिताना पाय हलवायचा, तो? त्या दिवसातला कोणता? तिने दुपारचं एक ते सव्वाएक निवडलं, कारण त्याच वेळी तो वर बघायचा. हिरवी पट्टी सरकू लागली. टक्‌टक् आता थांबत नव्हती. बारा टक्के. तीस. एकतीसवर पट्टी अडली.

"आई, अंगठा!"

"हाय वो, हाय! माहा अंगठा कुठी पळून चालला?"

चौतीस. साठ. फळीवर काहीतरी घरघरलं, खरवडलं, पुन्हा फिरलं. ब्याण्णव. वैभवी देवाचं नाव घेत होती की हरीओमचं, तिलाच कळत नव्हतं. आजवर तिने ते कधी मोठ्याने घेतलं नव्हतं.

झालं.

तिने तो तुकडा फॉर्म ठेवायच्या पेनड्राइव्हवरही घेतला, पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला, आणि तेवढ्यात पडद्यावरचं आताचं दुकान गेलं. कस्तुराबाईंचा अंगठा तिथेच होता. फळीवर टक्‌टक् नव्हती. चारला सात मिनिटं होती, लाईट अजून होती, डबाच थांबला होता.

"भेटलं का?" संघदीपने विचारलं.

"भेटलं."

"मंग पाहा. मी ठेवतो." पण त्याने बराच वेळ फोन ठेवला नाही, आणि मग ठेवला.

वैभवीने पूर्णाला मांडीवर घेतलं. कस्तुराबाईंनी स्टूल जवळ ओढलं.

दुकान. शटर वर, रस्त्यावरचं ऊन आत. टेबलावर तीच मोटार, अजून एक फेराही गुंडाळलेली नाही. हरीओम तार ओढतोय, मान तिरकी, जीभ दातात. कस्तुराबाईंनी हात पुढे केला आणि पडद्याला न लावताच मागे घेतला. मग तो उठला. फडक्याने हात पुसत नेमका कॅमेऱ्याखाली आला आणि वर पाहिलं.

त्या दुपारी या बाजूला कुणीच नव्हतं. फुली होती. वैभवी विहिरीवर होती, पूर्णा झोपली होती. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्याचे ओठ हलले, तीन शब्द.

"जेवली पप्पा!" पूर्णा ओरडली.

तो गेला नाही. रोज तिथूनच वळायचा, त्या दिवशी वळला नाही. कमरेवर हात ठेवून बोलतच राहिला. मधे एकदा बोट वर केलं, घराच्या दिशेने दाखवलं, मान हलवून हसला. पुन्हा काहीतरी म्हणाला, लांबलचक, सावकाश, एखाद्याला नीट समजावून सांगावं तसं. आवाज नव्हता. वैभवी ओठांकडे पाहत होती, तिने डोळे मिटलेच नाहीत, आणि ओठ नुसते हलत होते.

पूर्णाने मागे वळून तिची हनुवटी आपल्या हाताने स्वतःकडे फिरवली.

"मम्मी, आता काय म्हणून राह्यले पप्पा?"